टेपकाका आणि माझ्या चार सह्या

आमच्या डोळ्यांच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक खोली आहे आणि त्या खोलीत बारा महिने स्वेटर घालून बसणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे टेपकाका म्हणतात. पगारपत्रकावर त्यांचं खरं नाव असणारच, पण ते कुणी वाचलेलं नाही. खोली गार, कारण आतल्या यंत्रांना उकाडा सोसत नाही. माणसाला गारठा सोसतो की नाही हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून स्वेटर.

माझ्याबद्दलही आधीच सांगून टाकते. मी तळमजल्यावरचा छायाचित्र विभाग सांभाळते. पेशंटच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढायचे आणि जपून ठेवायचे, एवढंच काम. आजच्या फोटोशेजारी सहा महिन्यांपूर्वीचा फोटो लावला की आमच्या डॉक्टरीणबाईंना कळतं, दुखणं वाढलंय की थांबलंय. जुना फोटो नसेल तर नवा अर्धा मुका. माझी नोकरी हंगामी, सहा वर्षं हंगामीच. घरी आई आणि शाळेत जाणारी मुलगी, मिळवती मी एकटी. आणि माझ्या जिभेला हाड नाही, असं इस्पितळात एकमत आहे. माझ्या पाठीमागे मला 'मिरची' म्हणतात. पुढ्यात म्हणायची अजून कुणाची टाप झालेली नाही.

टेपकाकांचं काम नक्की काय, हे मला कळायला दोन वर्षं लागली. एकदा मीच विचारलं, तर त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि अगदी हौसेनं समजावलं. म्हणाले, "हे बघा ताई, ही लोखंडी पेटी दिसते ना? हिच्यात अकरा बिऱ्हाडं राहतात. नोंदणीचं एक, औषधांचं एक, तुमच्या फोटोंचं एक. प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपल्या एकट्याचं आहे. खरं मशीन एकच. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी रोज या सगळ्यांची प्रत काढतो, आणि शुक्रवारी ती प्रत टेपवर चढवतो."

टेप म्हणजे साबणाच्या मोठ्या वडीएवढी काळी डबी. तिच्या कडेला एक बारीक खटका असतो; तो सरकवला की टेपवर पुन्हा काही लिहिलं जात नाही. काका तो खटका सरकवायचे, मग सरकला का ते बघायचे, मग चष्मा पुसून पुन्हा बघायचे. दर आठवड्याच्या टेपा खोलीतल्या लोखंडी कपाटात; दोन महिन्यांनी खटका मागे घेऊन त्याच पुन्हा वापरायच्या. महिनाअखेरीची टेप मात्र घरी. तशी लेखी परवानगी त्यांनी मोठ्या साहेबांकडून घेतली होती. "इमारतीला आग लागली तर कपाट काय बाहेर पळत येणार आहे?" असं त्यांचं म्हणणं.

हा माणूस इतका धास्तावलेला का, तेही त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. तरुणपणी एका कारखान्यात ते हेच काम करत. दोन वर्षं दर आठवड्याला टेप काढली, तारीख घातली, कपाटात रचली. एक दिवस खरोखर गरज पडली, टेप लावली, तर कोरी. दुसरी लावली, कोरी. टेप लिहिणाऱ्या यंत्राचं तोंड मळलं होतं आणि कुणालाच पत्ता नव्हता. "दोन वर्षं मी कोऱ्या डब्यांवर सुवाच्य अक्षरात तारखा घातल्या," असं सांगून ते हसत. पण हसताना हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेत. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताकसुद्धा फुंकून पिणार.

त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. बॅकअप म्हणजे झाकली मूठ, उघडून बघितल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते टेपवरून एकेक मशीन परत उभं करत, बाजूला, नेटवर्कपासून तोडून, म्हणजे चालू कामाला धक्का नको. आणि ज्याचं मशीन त्याला बोलावत. "आपलंच आहे ना, ओळखून घ्या." एका कागदावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलेलं असे: 'नोंदी उघडून पाहिल्या, बरोबर आहेत.' माझ्या कागदावर 'नोंदी'च्या जागी 'फोटो'. त्याखाली सही.

डॉक्टर मंडळी कधीच फिरकली नाहीत. हिशेब विभाग शिपायाला पाठवी. औषधवाले फोनवरच सांगत, "ठीकच असेल हो, तुम्ही केलंय म्हणजे." वर जाणारी मी एकटी. लोकांना वाटे, मिरचीला कामाची चाड आहे. खरं कारण वेगळं होतं. काका चहा फार चांगला करत, आणि त्या खोलीत अर्धा तास कुणी मला हाक मारत नसे. मी बसायची, पडद्यावर पेशंटच्या नावांची यादी दिसायची, ती खालीवर सरकवायची, चहा संपवायची आणि सही ठोकायची.

"नीट बघितलंत ना ताई?"

"बघितलं की काका. सगळी मंडळी जागच्या जागी आहेत."

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ती लोखंडी पेटी बसली. आतल्या दोन डिस्क एकदम गेल्या आणि त्या सावरताना तिसरीनं मान टाकली. रोजची प्रतही त्याच पेटीच्या खालच्या कप्प्यात होती. तिच्यासाठी दुसरी पेटी द्या, असा काकांचा अर्ज तीन वर्षं साहेबांच्या टेबलावर मुरत होता. म्हणजे रोजची प्रतही गेली. राहिल्या फक्त टेपा.

खाली नोंदणीच्या खिडकीवर गोंधळ उडाला. वह्या शोधा, पेनं शोधा. ज्यांना काका कोण हे माहीत नव्हतं तेही जिना चढून वर आले. काका मात्र शांत. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. दुरुस्तीवाल्यांनी नव्या डिस्क घातल्या आणि काकांनी शुक्रवारची टेप लावली. टेप गाण्याच्या जुन्या कॅसेटसारखी असते, हवं ते पटकन उचलता येत नाही, सुरुवातीपासून सरकत जावं लागतं. ती सरकत गेली. संध्याकाळपर्यंत नोंदणी उभी राहिली. बुधवारी सकाळी औषधं, मग हिशेब. जिन्यात लोक काकांच्या पाठीवर थाप मारू लागले. काका लाजून स्वेटर खाली ओढत.

बुधवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "ताई, तुमचं आलं बघा."

मी खुर्चीवर बसले. नावांची यादी आली. आणि या वेळी खाली बाकावर खरेखुरे पेशंट थांबले होते, म्हणून मी एक नाव दाबलं. फोटोच्या जागी रिकामी चौकट आली. दुसरं नाव दाबलं, चौकट. तिसरं, चौथं. मी काकांना पडदा दाखवला.

काकांनी मशीनची मांडणी, म्हणजे कुठे काय जोडलंय त्याची यादी, उघडली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग हळूहळू उलगडा झाला. साडेचार महिन्यांपूर्वी फोटोंची जागा भरली होती. काका रजेवर असताना बाहेरच्या एजन्सीच्या माणसानं नवी मोठी डिस्क जोडली, पंधरा वर्षांचे सगळे फोटो तिच्यावर हलवले आणि जुनी काढून टाकली. नव्या डिस्कवर त्यानं अशी खूण केली होती, की मशीनची प्रत घेताना हिला हात लावायचा नाही. का केली, देव जाणे. नावं पहिल्या डिस्कवर, फोटो दुसऱ्या. बॅकअप निमूटपणे पहिलीची प्रत काढत होतं आणि रोज हिरव्या अक्षरात 'यशस्वी' म्हणत होतं.

काकांनी तपासणीच्या कागदांची फाइल काढली. त्या साडेचार महिन्यांत चार शनिवार आले होते. चार कागद. 'फोटो उघडून पाहिले, बरोबर आहेत.' चारही ठिकाणी माझी झोकदार सही. एकदा, फक्त एकदा मी एका नावावर बोट टेकवलं असतं, तर हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "चला, घरी जाऊ. बदल व्हायच्या चार दिवस आधीची महिनाअखेर आहे. तिच्यात फोटो असणार."

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्यांची बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होत्या. काका आतल्या कपाटाशी गेले. काकूंनी मला पाणी दिलं आणि न्याहाळून बघितलं.

"त्या फोटोवाल्या ताई तुम्हीच ना? हे फार सांगतात तुमच्याबद्दल. म्हणतात, अख्ख्या इस्पितळात एक बाई आहे, जी खरोखर बघते."

मी पेला तसाच खाली ठेवला. आतून काकांचा आवाज आला, "अगं, टेप खालच्या कप्प्यात होती ना?" काकू म्हणाल्या, "जिथे ठेवता तिथेच आहे. मी हात लावते का तुमच्या लाडकीला?" कपड्यात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात, लेकराला निजवावं तशी ठेवली होती ती टेप.

शुक्रवारी दुपारपर्यंत पंधरा वर्षांचे फोटो परत आले. एकूण एक. मी या वेळी उघडून बघितले. शेवटचे साडेचार महिने मात्र गेले ते गेलेच. त्यात चारशे सात पेशंट होते.

सोमवारी साहेबांनी बैठक बोलावली. साहेब, डॉक्टरीणबाई, एजन्सीचा माणूस, काका आणि मी. त्याच टेबलावर, साहेबांच्या कोपराशी, मला कायम करण्याची फाइल होती. तिचा निळा बंद मला दिसत होता. मी आदल्या दिवशी मनाशी ठरवलं होतं, मूग गिळून बसायचं. आई, मुलगी, सहा वर्षं, सगळं डोळ्यांसमोर आणून ठरवलं होतं. भित्रेपणाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपण होऊन रांग लावतात.

एजन्सीचा माणूस म्हणाला, "डिस्क जोडणं आमच्याकडे होतं. बॅकअप बघणं आमच्याकडे नव्हतं." एवढं बोलून तो मोकळा झाला.

साहेब काकांकडे वळले. "परत आणून तपासत होतात ना तुम्ही?"

"हो साहेब."

"मग चार महिने दिसलं कसं नाही? कोण बघत होतं?"

काका म्हणाले, "मीच बघत होतो. कमी पडलो."

मी मान खाली घातली. त्या क्षणी माझी मला इतकी घाण वाटली, की काय सांगू. तरी गप्पच बसले. पण साहेब पुढे म्हणाले, "मग आम्ही ठेवलंय कशाला तुम्हाला? टेपा घरी फिरवून आणायला?" आणि एजन्सीचा माणूस हसला.

ते हसू ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "फिरवून आणायला?" मी उभीच राहिले. "त्या घरच्या टेपमुळे तुमची पंधरा वर्षं वाचली! आणि तपासायला हे नाही, मी बसत होते. सह्या माझ्या आहेत. मी एकही फोटो उघडला नाही. चहा प्यायला जात होते मी तिथे!"

साहेबांनी काकांना विचारलं, "खरं आहे हे?"

काकांनी चष्मा काढला. "ताई रागाच्या भरात बोलतात, साहेब. मनाच्या मोठ्या आहेत. असा काही कागद नाही."

गंमत बघा. आयुष्यभर मी रागावून फटाफट बोलले आणि लोकांनी ते खरं मानलं. त्या दिवशी खरं बोलले, तर लोकांनी ते राग म्हणून सोडून दिलं. साहेब म्हणाले, "बसा बसा, तुमचा स्वभाव माहीत आहे आम्हाला." निर्णय झाला. एक तारखेपासून टेपांचं काम एजन्सीकडे, आणि काका नोंदणीच्या खिडकीवर, कार्डं द्यायला.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "खोटं का बोललात?"

"तुमचं कायम व्हायचंय ताई. माझी काय, थोडी वर्षं राहिलीत. खिडकीवर ऊब तरी असेल." एवढं बोलून ते जिना चढून गेले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

त्या आठवड्यात आम्ही दोघं चारशे सात जणांना फोन करत होतो. या, फोटो पुन्हा काढायचा आहे. काही ओरडले, काही निमूट आले. एक बसचालक आला. त्याचे दोन्ही आधीचे फोटो त्या साडेचार महिन्यांतले. डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो बघितला. त्यानं विचारलं, "बाई, वाढलंय का? गाडी चालवू ना मी?" त्या म्हणाल्या, "आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर नका चालवू." तो टोपी हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसून राहिला. मी आणि काका दोघंही दारात होतो. काकांनी आत जाऊन त्याला चहा आणून दिला. मला तेवढंही सुचलं नाही.

त्याच दिवशी मी त्याची जुनी कागदपत्रं धुंडाळत होते. कुठे एखादी छापील प्रत सापडतेय का, म्हणून विभागाचे सगळे खण उपसले. फोटो सापडला नाही. तळाला एक फोल्डर सापडलं, मी कधीच न उघडलेलं. काका प्रत्येक कागदाची एक प्रत ज्या त्या विभागाला पाठवत, आणि माझ्याकडे आलेल्या प्रती कुणीतरी लावून ठेवल्या होत्या. चार शनिवार, चार कागद, चार सह्या. असा काही कागद नाही म्हणणारा माणूस स्वतःच्याच सवयीला विसरला होता. चौथ्या कागदाच्या तळाशी, माझी सही झाल्यावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'छायाचित्र विभागाने नेहमीप्रमाणे सर्व स्वतः पाहिले. समाधान वाटले.'

मी खणाशी खाली बसले आणि रडले. मग तोंड धुतलं आणि कागद घेऊन साहेबांकडे गेले. या वेळी आवाज चढवला नाही.

साहेबांनी चारही कागद वाचले. "म्हणजे बैठकीत ते खोटं बोलले."

"हो. माझ्यासाठी."

"तुमची फाइल मग मला या वर्षी पुढे पाठवता येणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

त्यांनी बराच वेळ निळ्या बंदाशी चाळा केला. काका तिसऱ्या मजल्यावरच राहिले. दुसऱ्या पेटीचा अर्जही मंजूर झाला, वरातीमागून घोडं. माझी फाइल पुढच्या वर्षावर गेली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुझ्या जिभेनं एकदा तरी घर जाळायच्या ऐवजी कुणाचं वाचवलं."

काका खूश होतील असं मला वाटलं होतं. ते बोलेचनात. जिन्यात भेटले तर वाट देत, बस्स. अकराव्या दिवशी मला राहवलं नाही. मी वर गेले आणि म्हटलं, "काका, रागावा, पण बोला."

ते खुर्चीतून उठले. त्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "त्या कारखान्यात टेप कोरी निघाली ना, तेव्हा मी मशीनवर चिडलो होतो. मशीनला काय कळतंय? इथे मात्र तुम्ही होतात ताई. मी घरी सांगायचो, आता मला झोप लागते, कारण कुणीतरी बघतंय." मला क्षमा मागायची होती, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना.

पहिला शनिवार आला. मला बोलावणं येणार नाही हे मी धरूनच चालले होते. सकाळी अकराला फोन वाजला.

"तुमचं मशीन उभं केलंय. या. पण या वेळी मी मागे उभा राहणार."

मी गेले. चहा नव्हता. मी खुर्चीवर बसले, ते पाठीशी उभे राहिले. मी पहिलं नाव दाबलं, फोटो आला. दुसरं दाबलं, आला. दर वर्षातले थोडे थोडे. ते फक्त "पुढचं" म्हणत. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटत होतं. मग त्या साडेचार महिन्यांपाशी आलो. तिथे काय असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मी ते ओलांडून नव्या फोटोंकडे जाऊ लागले.

"थांबा," काका म्हणाले. "तेही उघडा."

"रिकामे आहेत काका."

"माहीत आहे. उघडा."

मी पहिलं नाव दाबलं. रिकामी चौकट आली. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं, मी पुढचं दाबलं. बसचालकाचं नाव आलं तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला बसले. चारशे सात चौकटी होत्या. आम्ही सगळ्या उघडल्या.